अग्निबाणवाल्यांचे उसासे

गेली काही वर्षे एका विशिष्ट वयाच्या गृहस्थांना एका विशिष्ट प्रकारचा उमाळा येऊ लागला आहे. वय साठ ते पंच्याहत्तर. मुक्काम अमेरिकेत, किंवा अमेरिकेत हयात काढून आता पुण्यात, नाशकात. विषय अग्निबाणांचा. चंद्रावर गेलेल्या अग्निबाणांचा नव्हे. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि बोटाएवढी मोटार एवढ्या सामानावर पोरे घरच्या घरी जे छोटे रॉकेट बनवीत आणि रविवारी मैदानात उडवीत, त्याचा. ‘काय दिवस होते ते!’ अशी सुरुवात होते. मग दारूचा वास येतो, उलटी गणती येते, निळ्या आभाळात चढत जाणारी धुराची रेघ येते, आणि शेवटी हे गृहस्थ ठरलेल्या समेवर येतात : आजच्या पोरांच्या वाट्याला यातले काही उरले नाही. जिकडेतिकडे नियम, जिकडेतिकडे भीती, हातात मोबाइल. आमच्या वेळी कोणी अडवीत नसे हो!

या समेबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी सणासुदीच्या अंकात मांडतो आहे याबद्दल संपादकांनी क्षमा करावी. कोणाच्या आठवणी गोड असतील तर असोत. माझे काय जाते? पण हे लोक जे आठवतात ते घडलेलेच नाही, आणि न घडलेल्या त्या गोष्टीच्या जोरावर ते आजच्या मुलांना नालायक ठरवितात. गप्प बसवत नाही ते एवढ्यासाठी.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी त्या पिढीचाही नव्हे आणि त्या मातीतलाही नव्हे. माझ्या लहानपणी सांगलीत रॉकेट म्हणजे दिवाळीतला बाण. रिकाम्या बाटलीत काडी उभी करायची, वात पेटवायची आणि पळायचे. १९७८ साली नोकरीनिमित्त मी कोलोरॅडोत गेलो आणि पुढली तेहेतीस वर्षे तिथे काढली. कोलोरॅडो म्हणजे या छंदाची आळंदी म्हणावी असा मुलूख. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याचे बोट धरून मी प्रथम त्या मैदानावर गेलो, आणि तो मोठा होऊन आपल्या उद्योगाला लागल्यावर त्याच्यावाचूनही जात राहिलो. तेव्हा मी या छंदाचा वैरी आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. उड्डाणाची ती सळई आजही माझ्या कपाटामागे उभी आहे, आणि सौ.ला ती दर दिवाळीच्या साफसफाईत नडते.

आता मूळ गोष्ट. उसासेवाल्यांच्या कथेत हा छंद स्पुटनिकपासून सुरू होतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने उपग्रह सोडला, अमेरिकेतील पोरांनी आभाळाकडे पाहिले आणि परसदारी जाऊन रॉकेटे बनविली, असा एकूण थाट. चित्र मोठे देखणे आहे. वस्तुस्थिती अशी की नेब्रास्कातील नॉरफोक नावाच्या गावात जोड्यांचे दुकान चालविणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल या गृहस्थाने आपल्या रॉबर्ट नावाच्या भावासाठी १९५४ सालीच असले रॉकेट तयार केले होते. रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करी आणि रॉकेटच्या तत्त्वावर व्याख्याने देई. त्याला प्रयोग करून दाखवायला काहीतरी हवे होते. ऑर्व्हिलला शोभेच्या दारूकामाची उत्तम जाण होती. त्याने कागदी नळीत दारू ठासून एक मोटार केली आणि वर जाऊन हवाईछत्रीने अलगद खाली येणारे रॉकेट केले. जोडे विकून उरलेल्या वेळात केलेले काम ते.

ते कदाचित नॉरफोकमध्येच राहिले असते. पण त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी-क्षेत्रावर जी. हॅरी स्टाइन नावाचा एक तरुण काम करीत होता आणि मासिकांतून रॉकेटविषयी लिहीत होता. त्याला मुलांची पत्रे येत : आम्ही रॉकेट बनवितो आहोत, कोणती दारू भरू? आणि ही मुले काय करीत असत? काड्यांचे गुल खरवडून लोखंडी नळीत ठाशीत. जस्ताची पूड आणि गंधक कालवून नळीत भरीत आणि तोंड बंद करीत. असल्या वस्तूला रॉकेट म्हणत नाहीत, बाँब म्हणतात. कोणाची बोटे जात, कोणाचे डोळे, कोणी जिवानिशी जाई. स्टाइनने १९५७ सालच्या आरंभी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात सुरक्षिततेवर लेख लिहिला. तो कार्लाइलने वाचला आणि आपल्या रॉकेटांचे नमुने त्याला टपालाने पाठवून दिले. हवे होते तेच स्टाइनच्या हातात पडले. त्याच वर्षी धंदा उभा राहिला, त्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आणि ही सगळी जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा स्पुटनिक अजून जमिनीवरच होता.

सांगायचा मुद्दा हा की हा छंद भीतीतून जन्मला. ज्या शब्दाने उसासेवाल्यांच्या अंगावर काटा येतो त्याच शब्दातून. मुले मरताहेत ही भीती एका मोठ्या माणसाला वाटली, आणि तिच्यापोटी त्याने मुलांना दटावून घरी बसविले नाही, की ‘करू द्या, आमच्या वेळी आम्हीही’ असे म्हणून सोडूनही दिले नाही. त्याने मुलांशी करार केला. दारू तुम्ही शिवायची नाही. मोटार कारखान्यातून तयार मिळेल, एकदा वापरून टाकून द्यायची. बाकीचे सर्व तुमचे. रॉकेटला धातू लावायचा नाही. कागद, लाकूड, रबर, प्लॅस्टिक एवढेच. वात लावून पळायचे नाही. पंधरा फुटांवरून विजेच्या तारेने पेटवायचे. पेटविण्याच्या पेटीला किल्ली असेल, आणि जो रॉकेट सळईवर चढवील त्याच्याच खिशात ती राहील. आधी आभाळ पाहायचे, मोठ्याने गणती करायची. आणि वर गेलेले रॉकेट सुखरूप खाली आलेच पाहिजे. तशी व्यवस्था नसेल तर उडवायचेच नाही. हे नियम छापील होते. १९५८ साली व्हर्नन एस्टेस याने डेन्व्हरला आपली कंपनी काढली, दर साडेपाच सेकंदांना एक मोटार ठासणारे यंत्र बनविले, त्याचे लाडाने ‘मेबल’ असे बारसे केले, आणि १९६१ साली सगळा संसार पेनरोझ या लहानशा गावी हलविला. त्यानंतर टपालाने घरोघर गेलेल्या रॉकेटांबरोबर हे नियमही घरोघर गेले. आणि त्या सूचीपत्रांची पाने पाठ असलेला माणूस आज मला सांगतो, ‘आमच्या वेळी नियम नव्हते!’

यावर एक ठरलेले उत्तर येते : होमर हिकम. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड या कोळशाच्या गावातील पोरगा. त्याने मित्रांना जमवून रॉकेटे उडविली, १९६० साली राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले आणि पुढे नासात अभियंता झाला. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९९८ साली आले, त्यावरचा चित्रपट पुढच्या वर्षी आला, आणि उसाशांना खरा ऊत आला तो तेव्हापासून. पुस्तक चांगलेच आहे. परंतु हिकमची रॉकेटे पोलादी नळीची होती, त्यांत जस्त आणि गंधक होते, आणि पहिल्याच प्रयोगात त्याच्या आईच्या गुलाबांचे कुंपण उडाले. ज्या प्रकारापासून पोरांना वाचविण्यासाठी स्टाइनने लेखणी उचलली तो हाच प्रकार. हिकम हुशार होता, त्याला शिकविणारी माणसे भेटली, आणि तो नशिबाचाही बळकट होता. ज्यांची बोटे गेली त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. पेनरोझची पुठ्ठ्याची रॉकेटे उडवून मोठा झालेला माणूस चित्रपट पाहून आपल्याला कोलवूडचा समजू लागला, तर त्याला काय म्हणावे? तो दुसऱ्याचे बालपण आपल्या नावावर चढवून घेतो आहे.

दुसरी गोष्ट याहून लाखमोलाची आहे. हे लोक उड्डाणाबद्दल भरभरून बोलतात. पण उड्डाण म्हणजे किती वेळ? ‘सी ६-५’ नावाची जी मोटार असते, तिच्यातली दहा-बारा ग्रॅम दारू पावणेदोन सेकंदांत जळून जाते. डोळ्याचे पाते लवेपर्यंत खेळ संपतो. खरा छंद त्या पावणेदोन सेकंदांच्या अलीकडे आणि पलीकडे असे.

अलीकडे आठ-पंधरा दिवसांचे काम. बाल्साच्या फळीवर पंख आखायचे, तेही लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेशी समांतर येतील अशा बेताने. आडव्या आल्या तर पंख वरच मोडतो. ते नळीला डिंकाने चिकटवायचे आणि सरळ आहेत की नाही हे नळीच्या बुडाकडून एक डोळा मिटून पाहायचे. लाकडाची भोके बुजवायला लेप द्यायचा, वाळू द्यायचा, काचकागदाने घासायचा, पुन्हा लेप द्यायचा. मुलांना याचा मनस्वी कंटाळा येई; माझ्या मुलालाही येई. मग स्थैर्याची परीक्षा. गुरुत्वमध्य पुढे हवा आणि वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू मागे. उलट झाले तर रॉकेट हवेत कोलांट्या घेते. हे पाहण्याचा उपाय म्हणजे रॉकेटला गुरुत्वमध्याशी दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचे. शंकू पुढे ठेवून फिरले तर ठीक. पुढे, १९६६ साली, जेम्स बॅरोमन या नासातल्या अभियंत्याने, जो स्वतःही या छंदातला होता, पंखांच्या मापांवरून तो बिंदू काढण्याची समीकरणे छंदवाल्यांच्या राष्ट्रीय मेळाव्यात मांडली, आणि दहावी-अकरावीतली पोरे ती कागद-पेन्सिलीने सोडवू लागली.

आणि त्या मोटारीच्या नावातच एक धडा होता. अक्षर म्हणजे एकूण आवेग : ‘ए’ला अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ला पाच, ‘सी’ला दहा, दर अक्षराला दुप्पट. पुढचा आकडा सरासरी रेट्याचा. आणि शेवटचा, तो सर्वांत गमतीचा, विलंबाचा. दारू जळून गेल्यावर रॉकेट आपल्या वेगाने चढतच असते. त्या वेळात मोटारीतला एक सावकाश जळणारा थर जळत राहतो, आणि तो संपला की एक छोटा बार पुढच्या बाजूला उडून शंकू ढकलतो व छत्री बाहेर फेकतो. विलंब कमी पडला तर चढतानाच छत्री उघडून फाटते. जास्त झाला तर रॉकेट वळून खाली येऊ लागते आणि मग वेगात छत्री उघडते, किंवा उघडतच नाही. म्हणून तीन सेकंद घ्यायचे, पाच की सात, हे रॉकेटच्या वजनावरून आधी ठरवावे लागे. बारा वर्षांच्या मुलाला ही निवड करावी लागे, आणि ती बरोबर आली की चुकली हे चारचौघांसमोर आभाळात दिसे. छत्री उघडली की मग धावणे. वारा असला तर अर्धा मैल. कापलेल्या गव्हाच्या खुंटांतून, तारेच्या कुंपणाखालून. रॉकेट झाडावर अडकले तर झाडाखाली उभे राहून नुसते पाहणे. विजेच्या तारांवर अडकले तर त्याला रामराम ठोकणे, कारण तो नियमच होता. आणि परत आल्यावर वहीत नोंद : मोटार कोणती, वारा किती, छत्री केव्हा उघडली, कोणता पंख निखळला.

सांगलीच्या माझ्या बाणाला वही नव्हती. तो कुठे पडला हे आम्ही कधी पाहिले नाही. कोणाच्या तरी कौलांवर, कोणाच्या तरी गंजीवर पडला असेल. त्या दोन वस्तूंत दारू एकाच जातीची असून एवढे अंतर का, हे कळायला मला कोलोरॅडोत जावे लागले. उसासेवाल्यांच्या आठवणीतले रॉकेटही वर जाते आणि वरच राहते. त्यांच्या आठवणींतून काचकागद गळाला, दोरा गळाला, विलंबाचा आकडा गळाला; धूर तेवढा राहिला. म्हणजे सांगलीचा बाणच की!

आजच्या मुलांना काही उरले नाही हे तर साफ खोटे आहे. त्याच कंपनीच्या, त्याच अक्षर-आकड्यांच्या मोटारी आजही दुकानांत मिळतात. २००३ सालापासून तिथे शाळांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. कोंबडीचे कच्चे अंडे रॉकेटमध्ये बसवायचे, नेमून दिलेल्या उंचीपर्यंत न्यायचे, नेमून दिलेल्या सेकंदांत खाली आणायचे, आणि अंड्याला तडा जाता कामा नये. अंतिम फेरीत शंभर संघ येतात. आमच्या गावच्या शाळेच्या एका संघाबरोबर मी तीन हिवाळे काढले. त्या पोरांच्या हातात मोबाइल होते. ते त्यावर वाऱ्याचा वेग पाहत. पहिल्या वर्षी त्यांची सतरा अंडी फुटली. या पोरांना नालायक म्हणण्याची माझी छाती नाही.

मग कमी काय झाले? मैदाने कमी झाली. ज्या माळावर आम्ही उडवीत असू तिथे आज घरे आहेत, आणि ती घरे मुलांनी बांधली नाहीत. दुसरे, मोठी माणसे या छंदात मुलांसाठी राहिली नाहीत, स्वतःसाठी राहिली. पुरुषभर उंचीची रॉकेटे, हजारो डॉलरांचा खर्च, वाळवंटातले मेळावे. त्यांच्या मोठ्या मोटारींतल्या रसायनाला सरकारने स्फोटकांच्या यादीत घातले तेव्हा दोन्ही संघटनांनी २००० साली दावा लावला आणि २००९ साली तो जिंकला. न्यायाची बाजू त्यांचीच होती. तोच चिवटपणा गावोगावच्या शाळेच्या मैदानासाठी कोणी दाखविला असता तर मी हा लेख लिहिला नसता. नियमांच्या नावाने बोटे मोडणारे गृहस्थ प्रसंग आल्यावर काय करतात तेही मी पाहिले आहे. आम्ही एकदा गावच्या क्रीडांगणासाठी अर्ज केला. वर्षातून चार रविवार सकाळी दोन तास. संघटनेच्या विम्याचा कागद सोबत जोडलेला होता. समितीवर एक सद्गृहस्थ होते. मेजवानीत भेटले की आपल्या बालपणीच्या काळ्या, जाडजूड ‘बिग बर्था’ रॉकेटचे वर्णन डोळ्यांत पाणी आणून करीत. त्यांनी विरुद्ध मत दिले. नव्याने पेरलेले गवत खराब होईल, म्हणाले. घरी जाऊन त्यांनी पुन्हा उसासा टाकला असेलच.

आपल्याकडचे काय, हा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकाला पडणारच. इथे हा छंद रुजला नाही, कारण बंदुकीची दारू १८८४ सालच्या कायद्याने स्फोटक ठरते आणि असल्या मोटारी बाहेरून आणायच्या तर परवाना लागतो. परंतु दहा बाणांचे पाकीट कोणत्याही पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ते कुठे उडवावे, किती अंतरावरून, वारा असताना काय करावे, याचे वळण त्याला ना कारखानदाराने लावले, ना शाळेने, ना बापाने. बापाला स्वतःच्या लहानपणच्या फटाक्यांचे कौतुक सांगण्यातून सवड नव्हती. मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढाच वेळ, आणि फटाक्यांच्या लडी बंद. कारण हवेचे आणि आवाजाचे होते. पण जिथे खेळणाऱ्यांनी आपले नियम आपण केले नाहीत, तिथे ते न्यायालयाच्या पायरीवरून आले. त्यावर आमच्या सोसायटीत जो आरडाओरडा झाला त्यात ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द मी अकरा वेळा मोजले.

सध्या मी पुण्यात एका शाळेत महिन्यातून दोन रविवार जातो. मोटारी नाहीत, म्हणून पाणी वापरतो. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत एक-तृतीयांश पाणी, बुडाला बूच, सायकलचा पंप. धूर नाही, वास नाही. तरी बाटली तीस-चाळीस मीटर सहज जाते आणि मुले आनंदाने भिजतात. नियम तेच ठेवले आहेत : दोरी ओढायची ती लांबून, गणती मोठ्याने, आधी आभाळ. पंख जुन्या फाइलींच्या पुठ्ठ्याचे. उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, त्याला ओळंबा. बाटलीपासून तीस मीटरांवर उभे राहायचे, कोन वाचायचा, स्पर्शज्येने गुणायचे. पंचेचाळीस अंशांना तीस मीटर, साठ अंशांना बावन्न. वाऱ्याने बाटली कलते, म्हणून समोरासमोर दोन कोनमापक लागतात. एक मुले आळीपाळीने धरतात. दुसऱ्यासाठी मी आमच्या परिसरातल्या चार अग्निबाणवाल्यांना शब्द टाकून पाहिला. रविवारी सकाळी कोणालाच जमत नाही. तो कोनमापक सध्या शाळेचे शिपाईमामा धरतात. त्यांचा हात स्थिर आहे आणि ते अर्धा अंशसुद्धा सोडीत नाहीत. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होऊन गावी जाणार आहेत.